शिवलेलं शेवटचं प्रकरण

शमशादताईनं कात्री उचलली, पुस्तकाजवळ नेली आणि पुन्हा काउंटरच्या काचेवर ठेवून दिली.

"मला नाही जमायचं. तू कर, जिनू."

"मी? मला शर्टाचं बटण लावता येत नाही."

"लावायचं नाहीये. उसवायचंय."

"तेच ते. मामा, तुम्ही करा."

डुबलमामांनी दोन्ही हात पाठीमागं नेले. "मी जन्मभर एसटीत तिकिटं फाडली. पर बाईंच्या टाक्याला हात लावायचा म्हंजे... न्हाय बा. माझ्याच्यानं हुयाचं न्हाय."

रविवारची दुपार होती. जेवणाच्या सुट्टीचं निमित्त करून मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं होतं. चष्म्याच्या दुकानात चोरी करायची म्हणजे एक अडचण असते, चारी बाजूंनी आरसे. जिकडं बघावं तिकडं आम्हीच तिघं, आणि तिघांची तोंडं रंगेहाथ पकडल्यासारखी.

शेवटी शमशादताईच पुढं झाली. तिनं कात्री बाजूला सारली आणि पर्समधून शिवणाची सुई काढली. "कापायचा नाही दोरा. गाठ सोडवून सबंध ओढून काढायचा, आणि तोच दोरा त्याच भोकांतून परत घालायचा. इतकी वर्षं खुनाची पुस्तकं वाचली, एवढं तरी यायला पाहिजे की आपल्याला."

ती शिवणकाम करणारी बाई. कराडात निम्म्या नवऱ्या तिच्या हातच्या ब्लाउजात बोहल्यावर चढल्या असतील. तिनं सुईच्या टोकानं गाठ उकलली आणि दोरा हळूहळू भोकांतून बाहेर यायला लागला.

हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते सांगतो.

आमचं सोमवारचं मंडळ होतं. मंडळ कसलं, चार माणसं. सोमवारी माझं दुकान बंद, म्हणून दुपारी दुकानातच बसायचं आणि रहस्यकथा वाचायच्या. सुरुवात घळसासी बाईंनी केली. कन्याशाळेत त्यांनी गणित शिकवलं, शमशादताई आणि माझी थोरली बहीण त्यांच्या एकाच वर्गात. निवृत्त झाल्यावर त्या चष्म्याची काडी बदलायला माझ्याकडं आल्या, काउंटरवर पडलेली माझी एक फाटकी रहस्यकथा उघडून उभ्या उभ्या वीस-एक पानं वाचली आणि म्हणाल्या, "जिनेंद्र, हे असं एकट्यानं वाचायचं नसतं. एकट्यानं वाचलं की माणूस शेवटचं पान आधी बघतो." मी बघितलंच होतं. तिथून मंडळ सुरू झालं.

नियम सगळे बाईंचे. पुस्तकाची प्रत एकच. ज्याची पाळी असेल त्यानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आणि पहिल्याच दिवशी, कुणी काही वाचायच्या आत, बाई पुस्तकाचं शेवटचं प्रकरण शिवून टाकायच्या. मजकुराकडं न बघता पानं एकत्र धरायच्या, डाव्या हातात सुई घ्यायच्या आणि कडेवरून तिरके टाके घालत जायच्या. टाके काही फार देखणे नसायचे. शेवटी गाठ मारून म्हणायच्या, "झालं. आता मोह नको." मग पुस्तक आठवडाभर कुणाच्याही घरी राहिलं तरी भीती नाही.

शेवटचं प्रकरण उघडायच्या दिवशी प्रत्येकानं खुन्याचं नाव सांगायचं, कारणासकट. पहिला मान डुबलमामांचा, शेवटचा बाईंचा. सगळ्यांची नावं सांगून झाली की बाई ब्लेडनं टाके कापणार.

मामा दर वेळी एकच नाव सांगायचे. गोष्टीत डॉक्टर असला की खुनी डॉक्टर. डॉक्टर नसला तर कंपाउंडर. ऐन तारुण्यात त्यांचा कुणी तरी नको तो दात उपटला होता म्हणे, तेव्हापासूनचा हा राग. बाई दर वेळी हसायच्या. "डुबल, डॉक्टरांनी तुमचं काय घोडं मारलंय?" आणि मग स्वतःचं उत्तर द्यायच्या, फळ्यावर प्रमेय सोडवावं तसं. पक्ष अमुक, साध्य तमुक, आता सिद्धता. डाव्या हाताचं बोट हवेत खडूसारखं फिरायचं. शेवटी, "हेच सिद्ध करायचे होते." आणि ब्लेड फिरवून पानं उघडली की खुनी तोच निघायचा. बाई चुकल्याचं मला आठवत नाही.

त्या वर्षी मात्र पावसाळा संपता संपता एका सोमवारी बाईंची पाळी होती, आणि त्यांनी मागच्या सोमवारी वाचलेलंच प्रकरण परत वाचायला घेतलं. मामा काही तरी बोलायला गेले. शमशादताईनं त्यांच्या दंडाला चिमटा काढला. आम्ही सबंध प्रकरण दुसऱ्यांदा ऐकलं, आणि योग्य त्या जागी दचकलोसुद्धा.

वाचून झाल्यावर त्या थांबल्या. पानावरून बोट फिरवलं. "जिनेंद्र, माझा नंबर बदललाय वाटतं रे. अक्षर दिसतं, पण वाचलेलं टिकत नाही."

मी लगेच त्यांना खुर्चीवर बसवलं. समोरच्या तक्त्यावरच्या ओळी वाचायला लावल्या. वरची मोठी, मग खालची, मग अगदी तळाची, जी मला स्वतःला पाठ आहे म्हणून वाचता येते. बाईंनी सगळ्या घडाघडा वाचल्या. नंबर होता तोच होता. मी काचा उगाच बदलून बघितल्या, पुसल्या, पुन्हा घातल्या. माझ्या दुकानात हजार काचा होत्या आणि त्यांतली एकही कामाची नव्हती.

"काही नाही बाई," मी म्हटलं. "नंबर जरासा हललाय."

"किती?"

"अगदी थोडा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "बरं."

त्यानंतर एकदा शनिवार पेठेतल्या त्यांच्या खोलीत दूध उतू जाऊन गॅस तसाच चालू राहिला. शेजाऱ्यांनी दार वाजवलं म्हणून बरं. एकदा भाजीला म्हणून निघाल्या आणि कोयनेच्या पुलावर सापडल्या, रिकामी पिशवी हातात, कुठं जायचं ते आठवत उभ्या. शेजाऱ्यांनी बेंगलोरला त्यांच्या मुलाला फोन केला. श्रीरंग आला, त्यांना मोठ्या डॉक्टरांकडं नेऊन आणलं आणि परत जाताना माझ्या दुकानात आला.

तो काही वाईट मुलगा नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं. "जिनेंद्र, मी आणि बायको, दोघंही नोकरीला," तो म्हणाला. "घराजवळच एक केंद्र आहे, अशा माणसांसाठी. सांभाळायला चोवीस तास बाई असते. मी रोज संध्याकाळी जाऊन भेटेन. इथं एकटीला कशी ठेवू, तुम्हीच सांगा."

मी काय सांगणार? मी म्हटलं, "आम्ही आहोत की."

"तुम्ही सोमवारी आहात," तो म्हणाला. टोमणा नव्हता तो, खरंच होतं ते.

बाई मात्र ऐकायला तयार नव्हत्या. शमशादताईला त्यांनी एकदाच बोलून दाखवलं, "इथं रस्ता चुकले तरी मला कुणी तरी घरी आणून सोडतं. तिथं मी रस्ता चुकले, तर कुणाच्या घरी सोडणार?" आणि मुलाला त्यांनी फोनवर सरळ आव्हान दिलं. माझ्याच दुकानातून, माझ्यादेखत. "तुझे डॉक्टर मला आजचा वार विचारतात. वार काय, कॅलेंडर बघून कुणीही सांगेल. तू पुढच्या सोमवारी ये. आमचं पुस्तक संपतंय. खुनी मी बरोबर सांगितला, तर तू आल्या पावली एकटा परत जायचं. चुकले, तर मी बॅग भरते."

पलीकडून तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. बाईंनी फोन ठेवला. "कबूल झाला," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून अगदी सहज विचारलं, "कुठलं रे पुस्तक चाललंय आपलं?"

म्हणून त्या रविवारी आम्ही तिघं अर्ध्या शटरआड बसलो होतो.

पुस्तक रद्दीतून आणलेलं. मुखपृष्ठ गायब, लेखकाचं नाव उंदरानं खाल्लेलं. गोष्ट साधी होती. पाचगणीच्या बंगल्यात एका म्हाताऱ्या इनामदाराला कुणी तरी दुधातून विष दिलेलं. संशयित चौघं: पुतण्या, विधवा बहीण, माळी आणि डॉक्टर. दोरा निघाल्यावर शमशादताईनं पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. मी मोठ्यानं वाचायला लागलो, मग आपोआप आवाज खाली आला. खून केला होता डॉक्टरनं.

मामा उठून उभे राहिले. "आरं तिच्या! मी म्हणलो नव्हतो? म्हणलो नव्हतो व्हय मी? इतकी वर्सं बोंबलतूय!" त्यांनी टोपी काढून काउंटरवर आपटली. आनंदानं त्यांचे डोळे भरून आले होते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माणूस जिंकला होता.

शमशादताई नुसती त्यांच्याकडं बघत राहिली.

मामांच्या लक्षात आलं. ते हळूच खाली बसले. "म्हंजे मी आधी डॉक्टर म्हणलो, तर बाईंनी माझंच ऐकून सांगितलं असं वाटंल त्येला. पोराला."

"हो, मामा."

"मग मी दुसरं कुणी तरी म्हणतो," ते म्हणाले आणि टोपी नीट करून डोक्यावर ठेवली. "माळी म्हणतो. माळ्याचं माझं काय वाकडं न्हाय, पर म्हणतो."

बाकीचं ठरवायला वेळ लागला नाही. सोमवारी बाईंना घरून आणायला शमशादताई जाणार आणि वाटेत चार वेळा डॉक्टरचं नाव काढणार. वाचनाआधी मागच्या प्रकरणांची उजळणी मी करायचो, त्यात मी एक गोष्ट ठासून सांगणार. डॉक्टर म्हणतो, पेल्यातलं दूध कडू होतं. पण तो बंगल्यावर पोचला तोवर स्वयंपाकिणीनं पेला विसळून ठेवलेला होता. मग दूध कडू होतं हे त्याला कळलं कसं? खुनी सापडायला एवढं पुरेसं होतं. शमशादताईनं तोच दोरा त्याच भोकांतून ओवून परत शिवला. मी पुस्तक उजेडात धरून बघितलं. एकही टाका इकडचा तिकडं नव्हता. मला तर अभिमानच वाटला.

सोमवारी श्रीरंग आला आणि दाराजवळच्या स्टुलावर बसला. बाई नेहमीच्या खुर्चीत. इस्त्रीची साडी, नीट विंचरलेले केस. परीक्षा बाईंची होती आणि घाम आम्हाला फुटला होता.

मी उजळणी केली. पेल्याचं सांगितलं. मग इतर काही सांगून पेल्याचं पुन्हा सांगितलं. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. एकदा त्यांची नजर श्रीरंगकडं गेली, एकदा भिंतीवरच्या तक्त्याकडं.

"चला, नावं," त्या म्हणाल्या. "डुबल?"

मामा उभे राहिले. "माळी."

"कारण?"

"त्येचं... त्येचं वागणं मला पटलं न्हाय."

शमशादताईनं पुतण्याचं नाव घेतलं. मी विधवा बहिणीचं, आणि मनातल्या मनात त्या माउलीची क्षमा मागितली.

बाईंचं बोट हवेत वर गेलं. "पक्ष," बाई म्हणाल्या, "पेला विसळलेला होता. साध्य... साध्य, खुनी कोण?" बोट थांबलं. रस्त्यावरून एक टेम्पो गेला. "दूध कडू होतं, हे ज्यानं चाखलं त्यालाच कळेल, किंवा ज्यानं विष घातलं त्याला. चाखणारा मेला. उरला डॉक्टर. हेच सिद्ध करायचे होते."

श्रीरंगनं स्टुलावरून आमच्याकडं बघितलं. मी तोंडावरची माशी हलू दिली नाही. "ब्लेड आणतो," म्हटलं.

बाईंनी पुस्तक मांडीवर घेतलं, डाव्या हातात ब्लेड धरलं आणि दोऱ्याला टेकवलं. मग ब्लेड उचललं. पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. उलटं केलं. पुन्हा सुलटं केलं.

"शमशाद," त्या म्हणाल्या, "टाका सुरेख आहे गं."

शमशादताईचा चेहरा पांढरा पडला.

"पण हा माझा नाही. मी डावरी. माझे टाके या बाजूला कलतात." त्यांनी बोटानं हवेत एक तिरपी रेघ ओढली. "हे त्या बाजूला कललेत. भोकं माझी, दोरा माझा, हात उजवा."

डावखुरे खुनी आम्ही त्या दुकानात किती पकडले असतील, मोजदाद नाही. मानेवरच्या जखमेवरून, घड्याळाच्या पट्ट्यावरून, चहाच्या कपाच्या कानावरून. आणि आपल्या बाई डावऱ्या आहेत, हे तिघांपैकी एकाच्याही टाळक्यात आलं नव्हतं.

"थांबा, कुणी बोलू नका," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. वर्गात जशा उभ्या राहत असतील तशा त्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. "पक्ष एक: शेवटचं प्रकरण कुणी तरी आधी उघडलंय. पक्ष दोन: इतकी वर्षं डुबल डॉक्टरला धरतात. आज गोष्टीत डॉक्टर असून त्यांनी माळ्याला धरलं, आणि कारण सांगताना त त प प झालं. पक्ष तीन: जिनेंद्रनं पेल्याचं दोनदा सांगितलं. तो कधी काही दोनदा सांगत नाही, आळशी आहे. पक्ष चार: येताना रस्त्यात शमशाद डॉक्टर, डॉक्टर करत होती. मला वाटलं, हिला बरं वाटत नाहीये."

मामांनी मान खाली घातली.

"म्हणजे तिघांनाही खुनी माहीत होता आणि तिघांनीही मुद्दाम चुकीचं नाव सांगितलं. का? कारण बरोबर नाव सांगायचा मान एकटीला द्यायचा होता. मला. का?" त्या श्रीरंगकडं वळल्या. "कारण तू आला आहेस."

दुकानात कुणी हललं नाही. आरशांतही नाही.

"साध्य," बाई म्हणाल्या, आणि आवाज जरा खाली आला. "या तिघांना खात्री आहे की, मला स्वतःहून ओळखता येणार नाही. ही माझी माणसं. उगाच असं करणार नाहीत. म्हणजे माझं डोकं जातंय, हे खरं आहे. मला वाटत होतं, हे फक्त मलाच कळलंय." त्या खुर्चीत बसल्या. "हेच सिद्ध करायचे होते."

शमशादताई रडायला लागली. "बाई, चुकलं आमचं."

"चुकलं तर आहेच. पुढच्या वेळी डाव्या हातानं शिव."

आणि मग जे झालं ते आमच्यापैकी कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. श्रीरंग स्टुलावरून उठला, बाईंच्या खुर्चीपाशी येऊन खाली बसला आणि त्यांचे दोन्ही हात धरले. त्याचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. "आई, हे सगळं तू आत्ता, इथं बसून ओळखलंस?"

"मग काय घरून पाठ करून आले?"

तो हसायला लागला. रडत रडत हसायला लागला. "डॉक्टरला काय कळतंय! आई, तुझं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतंय. राहा तू इथं. गॅस काढून टाकू, डबा लावू, दिवसरात्र कुणी तरी बाई ठेवू. पैज जिंकलीस तू. मी एकटा जातो."

"मी सांगतो डेपोत!" डुबलमामा ओरडलेच. "बेंगलोर गाडीचं एक तिकीट, खिडकीचं!"

मी उडी मारून शटर वर केलं आणि समोरच्या हॉटेलात ओरडून चहा सांगितला. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नसेल. आमची चोरी पकडली गेली होती आणि त्या चोरीनंच बाईंना वाचवलं होतं. मामा शमशादताईला म्हणत होते, "बगा, तुमचा टाका चुकला म्हणून बरं झालं," आणि ती पदरानं डोळे पुसत त्यांना चापट मारत होती.

"आता वाचा की रे," बाई म्हणाल्या. "उघडलंच आहे, तर रीतसर ऐकू दे तरी." त्यांनी ब्लेडनं शमशादताईचे टाके कापले आणि पुस्तक माझ्याकडं दिलं.

मी वाचलं. झकास वाचलं. इन्स्पेक्टरचा आवाज काढला, डॉक्टरचा काढला. चहा आला, कप फिरले. श्रीरंग आईच्या पायाशी जमिनीवरच बसून ऐकत होता. डॉक्टरला बेड्या पडल्या, तेव्हा मामांनी हळूच मांडीवर थाप मारून घेतली, त्यांच्या हक्काची. शेवटची ओळ वाचून मी पुस्तक मिटलं.

बाई प्रसन्न होत्या. पदरावर पडलेले दोऱ्याचे तुकडे त्यांनी झटकले.

"छान जमलंय हो पुस्तक," त्या म्हणाल्या. "चला, आता नावं. पहिला मान डुबलांचा."

मला वाटलं थट्टा करताहेत. मी हसलोसुद्धा.

"हसतोस काय, जिनेंद्र? शेवटचं प्रकरण उघडायच्या आधी नावं सांगायची, नियम आहे ना आपला? आणि ब्लेड कुठं ठेवलंस ते बघ." त्यांनी श्रीरंगच्या केसांवरून हात फिरवला. "अरे, तू कधी आलास? जेवलास का?"

शमशादताईनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या तक्त्याकडं बघितलं. तळाची ओळ मला पाठ होती, तीही त्या क्षणी वाचता येईना. श्रीरंगनं डोळे मिटून घेतले होते.

कुणी तरी काही तरी बोलायला हवं होतं. डुबलमामा उभे राहिले. त्यांनी टोपी काढून दोन्ही हातांत धरली.

"बाई," ते म्हणाले, "माझं मत डॉक्टरवर."

बाई खळखळून हसल्या. "डुबल, डुबल! डॉक्टरांनी तुमचं काय घोडं मारलंय हो?"

"काय करायचं, बाई. खोड हाय."

"आणि तू गं, शमशाद?"

शमशादताईनं पुतण्याचं नाव सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मी पुन्हा त्या विधवा बहिणीचं नाव घेतलं. मग बाईंनी डावा हात वर केला, बोट हवेत धरलं. "पक्ष," त्या म्हणाल्या. आम्ही वाट बघत राहिलो. "थांबा हं. येतंय." त्यांनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं, उत्तर तिथं कुठं लिहिलंय का ते शोधावं तसं, आणि आमची तिघांची तोंडं या वेळी उघडेनात.

"डॉक्टर, आई," श्रीरंग खालून हळूच म्हणाला.

बाईंच्या कपाळाला आठी पडली. "सांगायचं नाही, श्रीरंग," त्या त्याच्या डोक्यावर टपली मारत म्हणाल्या. "असं चालत नाही इथं. ज्याचं त्यानं ओळखायचं."

"बरं, आई," तो म्हणाला.

शुक्रवारच्या बेंगलोर गाडीची दोन तिकिटं डुबलमामांनीच डेपोतून आणून दिली. बाईंना खिडकीची जागा मिळावी म्हणून ते सकाळपासून रांगेत उभे होते.